हृदय जुळून येताना

१९९७ साली ग्लेन रॅडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एन-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बनवणारं जनुक त्यांनी निकामी केलं होतं. या प्रथिनाविना वाढणाऱ्या भ्रूणांत हृदयाच्या स्नायुपेशी तयार झाल्या, सुरुवातीला त्यांचा थरही जमून आला. मग मात्र त्या एकमेकींपासून सुटत गेल्या. हृदयनलिका नीट घडेना, आणि गर्भावस्थेच्या दहाव्या दिवसापर्यंत हे भ्रूण दगावले. आपण हृदयाच्या पेशी आहोत हे त्या पेशींचं ठरून गेलेलं होतं. हृदय काही उभं राहिलं नाही. हे पुस्तक या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी आहे.

पेशी हृदयाची कशी ठरते, कोणतं जनुक कधी जागं होतं, यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अफाट काम झालं आणि ते योग्यच झालं. फळमाशीतलं एक जनुक बिघडलं तर तिला हृदयच नसतं, हे कळल्यावर तशाच जनुकाचा शोध माणसात घेतला गेला. १९९८ साली काही कुटुंबांतल्या जन्मजात हृदयदोषांचा धागा त्याच्याशी जुळला. पण या यशामुळे आपल्या अभ्यासक्रमांचा तोल एका बाजूला गेला, असं मला वर्षानुवर्षं शिकवताना वाटत आलं आहे. विद्यार्थी जनुकांची नावं धडाधड म्हणून दाखवतात. त्या जनुकांनी घडवलेल्या लाखो पेशी एकत्र कशा राहतात, कोण कोणाला धरतं आणि केव्हा सोडतं, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. पाठ्यपुस्तकात त्याला एखादा परिच्छेद मिळालेला असतो, तोही प्रकरणाच्या शेवटी. माझ्या मते हृदयाच्या बाबतीत तो परिच्छेदच मुख्य प्रकरण व्हायला हवा. शरीरातले इतर बहुतेक अवयव आधी घडतात आणि मग कामाला लागतात. हृदयाला ती सवलत नाही. माणसाच्या भ्रूणात साधारण बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी ठोके सुरू होतात, तेव्हा हृदय म्हणजे फक्त एक नळी असते. त्यानंतर ती नळी वाकते, तिच्यात पडदे येतात, झडपा तयार होतात, अलिंद आणि निलय वेगळे होतात, बाहेरून रक्तवाहिन्या येऊन बसतात. आठव्या आठवड्यापर्यंत चालणारं हे सगळं बांधकाम ठोके न थांबवता करायचं असतं. दर सेकंदाला ओढल्या जाणाऱ्या भिंतीत पेशींनी एकमेकींची साथ टिकवायची, आणि त्याच भिंतीतल्या काही पेशींनी ती नेमक्या वेळी सोडायची.

पेशींना धरण्याची निवड असते हे कळायलाच बराच काळ गेला. १९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी समुद्री स्पंज बारीक विणीच्या कापडातून पिळून काढला. सुट्या झालेल्या पेशी पाण्यात फिरत राहिल्या, एकमेकींना चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज तयार झाले. १९५५ साली फिलिप टाउन्स आणि योहानेस होल्टफ्रेटर यांनी बेडकासारख्या उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातल्या वेगवेगळ्या थरांच्या पेशी सुट्या करून एकत्र कालवल्या. काही तासांत त्या आपापल्या जातीच्या पेशींशेजारी गोळा झाल्या. इतकंच नव्हे, तर बाहेर राहणाऱ्या पेशी बाहेर आणि आत जाणाऱ्या आत गेल्या. माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६३च्या सुमारास याचा अर्थ लावला: ज्या पेशी एकमेकींना जास्त घट्ट धरतात त्या मध्यभागी जमतात, ज्यांची पकड सैल त्या त्यांच्याभोवती पसरतात. कोणी मुकादम लागत नाही. पकडीच्या कमी-जास्तपणातूनच मांडणी होते.

पण पकड म्हणजे नेमका कोणता रेणू, याचा पत्ता लागला तो एका बिनसलेल्या प्रयोगातून. क्योतोचे मासातोशी ताकेइची सत्तरच्या दशकात बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत काम करायला गेले. ट्रिप्सिन हे एन्झाइम वापरून पेशी सुट्या करायच्या आणि त्या पुन्हा कशा चिकटतात ते पाहायचं, हे त्यांच्या हातचं रोजचं काम होतं. क्योतोत सुट्या केलेल्या पेशी भराभर परत गोळा होत. बाल्टिमोरमध्ये त्या होईनात. पेशी त्याच, पद्धत तीच. फरक होता ट्रिप्सिनच्या द्रावणात: बाल्टिमोरच्या द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारा एक पदार्थ घातलेला होता. ताकेइचींनी हा धागा सोडला नाही. कॅल्शियम असेल तर पेशीच्या पृष्ठभागावरचं कसलंतरी प्रथिन ट्रिप्सिनच्या हल्ल्यातून वाचतं, कॅल्शियम नसेल तर त्याचे तुकडे होतात आणि पेशी चिकटेनाशा होतात, असं त्यांनी १९७७ साली मांडलं. पुढे त्या प्रथिनांना कॅडहेरिन हे नाव मिळालं. जवळपास त्याच काळात रोल्फ केमलर उंदराच्या भ्रूणावर काम करत दुसऱ्या वाटेने याच कुळातल्या प्रथिनापाशी पोचले. नोकरी बदलली, बाटली बदलली आणि प्रयोग फसला, की आपल्यापैकी बहुतेक जण बाटली बदलून मोकळे होतील. या माणसाने बाटलीत काय वेगळं आहे ते विचारलं, म्हणून मला हा प्रसंग विद्यार्थ्यांना सांगावासा वाटतो.

कॅडहेरिनचा रेणू पेशीच्या आवरणातून आरपार गेलेला असतो. बाहेर आलेल्या भागात पाच कडी एकापुढे एक असतात आणि दर दोन कड्यांच्या सांध्यावर कॅल्शियम बसतं. त्याने सगळा रेणू ताठ उभा राहतो आणि समोरच्या पेशीवरच्या तशाच रेणूच्या टोकात आपलं टोक अडकवतो. आतल्या बाजूला बीटा-कॅटेनिन, त्याला अल्फा-कॅटेनिन आणि त्यापुढे पेशीच्या आतला ॲक्टिनचा सांगाडा, अशी साखळी असते. एका जोडीची पकड किरकोळच असते, पण अशा असंख्य जोड्या एका जागी जमतात. फुगडी घालणाऱ्या दोघी जितक्या मागे रेलतात तितके हात जास्त घट्ट धरावे लागतात, तसंच इथेही होतं: ताण वाढला की अल्फा-कॅटेनिनचा रेणू उलगडतो, विन्क्युलिन नावाचं आणखी एक प्रथिन तिथे येऊन बसतं आणि सांध्याचा सांगाड्याशी असलेला बंध भक्कम होतो. सतत आकुंचन पावणाऱ्या अवयवाला अशीच पकड हवी. ताणाने ती तुटत नाही, ताणानेच ती पक्की होते.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं तर कोंबडीच्या अंड्यासारखं साधन नाही. आपल्याकडे प्राणिशास्त्राच्या पदवीच्या प्रात्यक्षिकात २४, ३३, ४८, ७२ तासांच्या भ्रूणांच्या स्लाइड असतात. ३३ तासांच्या स्लाइडवर हृदय एका बाजूला किंचित फुगलेलं दिसतं आणि विद्यार्थी त्याची आकृती काढून पुढच्या स्लाइडकडे जातो. ती स्लाइड रंगवलेली, मेलेली असते. खरं पाहायचं ते जिवंत भ्रूणात. त्यासाठी दुकानातली अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. हॅचरीतून फलित अंडी आणायची, ३८ अंशांच्या आसपास उबवायची आणि दीड दिवसाने कवचाला खिडकी पाडायची. बलकावर मोत्याच्या रंगाची एक चकती दिसते, तिच्या मधोमध भ्रूण. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा स्थिरावला की नळीच्या एका ठिकाणी थरथर दिसते: आधी अनियमित, मग तासाभरात लयीत. अजून रक्त वाहायला नीट सुरुवातही झालेली नसते. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. त्या एडिंबरोत कॉनराड वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या होत्या. भ्रूण कवचाबाहेर काढून काचेच्या बशीत वाढवण्याची पद्धत त्यांच्या प्रयोगशाळेत हाताळली जायची. महाराष्ट्रात या विषयावर मराठीत लिहिलं जावं अशी अपेक्षा धरायला त्यामुळे भक्कम आधार आहे.

हृदयाची सुरुवात मध्यभागी होत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना पेशींचे दोन पट्टे असतात. ते मध्यरेषेकडे सरकतात, एकमेकांना भेटतात आणि एक नळी होते. सरकण्यासाठी त्यांना पायाखाली काहीतरी लागतं. ते म्हणजे फायब्रोनेक्टिनचं जाळं, आणि त्या जाळ्याला धरायला पेशींच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन प्रथिनं. कॅडहेरिन पेशीला पेशीशी धरून ठेवतं, इंटेग्रिन पेशीला जमिनीशी. १९८८ साली कर्स्टी लिनास्क आणि जेम्स लॅश यांनी कोंबडीच्या भ्रूणात फायब्रोनेक्टिनशी होणारी ही पकड अडवली, तेव्हा भावी हृदयाच्या पेशींचं सरकणंच थांबलं. झेब्राफिश या छोट्या माशात २००४ साली ले ट्रिन आणि डिडियर स्टेनियर यांनी दाखवलं की फायब्रोनेक्टिनचं जनुक बिघडलं की दोन्ही पट्टे आपापल्या बाजूलाच राहतात. कोंबडीच्या भ्रूणात मध्यरेषेवर छेद देऊन हे आधीच पाहिलेलं होतं: डावीकडे एक हृदय, उजवीकडे एक हृदय, दोन्ही आपापल्या गतीने ठोके देतात.

याच संदर्भात रिचर्ड हाइन्स यांच्या प्रयोगशाळेतलं काम मला सगळ्यांत विचार करायला लावणारं वाटतं. फायब्रोनेक्टिन अजिबात नसलेले उंदीर त्यांनी तयार केले. त्यांत हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या मूळ पेशी ठरलेल्या होत्या, त्यांत कमतरता नव्हती. बिघडली ती पुढची घडण. आणि गंमत अशी की तोच दोष एका वंशाच्या उंदरांत आला तर हृदयाचे दोन अर्ध जुळलेच नाहीत, दुसऱ्या वंशात आला तर नळी जुळली, पण बेढब, फुगलेली. एकाच जनुकाचा बिघाड, परिणाम दोन. रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाच्या आईवडिलांना डॉक्टर जनुकांविषयी काही ठामपणे सांगू शकत नाहीत, त्यामागचं एक कारण इथे दिसतं. एक रेणू सैल पडला तर इतर किती रेणू त्याची बाजू सावरतात यावर बरंच अवलंबून असतं.

नळी झाल्यावर ती उजवीकडे वळते. तिथेही एन-कॅडहेरिनचा हात आहे, आणि तोही नळी तयार होण्याच्या कितीतरी आधी. २००० साली मार्टिन गार्सिया-कास्त्रो आणि मॅरिआन ब्रॉनर-फ्रेझर यांच्या गटाने कोंबडीच्या अगदी कोवळ्या भ्रूणात हे प्रथिन अडवलं. हृदय वळलं, पण कोणत्या बाजूला, याचा नेम राहिला नाही.

आता सोडण्याविषयी. चिकटणाऱ्या रेणूंवरच्या लिखाणात हा भाग नेहमी कमी पडतो आणि या पुस्तकात तो कमी पडलेला नाही, याचं मला विशेष समाधान आहे. हृदयनलिकेला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. ते आणि बाहेरचा स्नायू यांच्यामध्ये जेलीसारखा एक थर असतो. अलिंद आणि निलय जिथे वेगळे व्हायचे, तिथल्या अस्तरातल्या काही पेशी आपल्या शेजारणींना सोडतात, लांबट होतात आणि जेलीत उतरतात. त्यांतून उशीसारखे उंचवटे तयार होतात आणि त्या उंचवट्यांतून पुढे झडपा व पडद्याचा काही भाग. १९८०च्या सुमारास रॉजर मार्कवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत हे काचेत पाहता आलं. कोंबडीच्या भ्रूणातला तो नेमका तुकडा कापून कोलॅजनच्या जेलवर ठेवला. अस्तर जेलवर चादरीसारखं पसरलं आणि मग त्यातल्या काही पेशी बाजूला झाल्या, टोकदार झाल्या, जेलच्या पृष्ठभागातून खाली शिरल्या. निलयाचा तुकडा ठेवला, तर त्याचं अस्तरही पसरलं, पण वरच राहिलं. एकाच अस्तराच्या दोन जागा, एकीला सोडण्याचा निरोप मिळतो, दुसरीला नाही. तो निरोप शेजारच्या स्नायूकडून येतो. अस्तराच्या पेशी तो ऐकून स्नेल नावाच्या प्रथिनामार्फत आपलं व्हीई-कॅडहेरिन कमी करतात. सगळ्याच पेशींनी सोडलं तर अस्तर उरणार नाही, कोणीच सोडलं नाही तर झडप होणार नाही.

झडपेची ही गोष्ट जन्माबरोबर संपत नाही. मायट्रल झडप मागे झुकण्याचा दोष प्रौढ वयात सापडतो आणि तो झिजेचा मानला जायचा. २०१५ साली काही कुटुंबांत त्याचं मूळ डीसीएचएस१ या जनुकात सापडलं. ते कॅडहेरिनच्याच विस्तारित कुळातलं आहे, आणि उंदरात तपासल्यावर दोषाची सुरुवात झडप घडतानाच झालेली दिसली.

हृदयाच्या बाहेरच्या आवरणाचं तर आणखी वेगळं. ते हृदयातून उगवतच नाही. यकृताच्या वरच्या अंगाला पेशींचा एक पुंजका असतो, तिथून पेशी येऊन धडधडत्या हृदयावर बसतात आणि पसरतात. खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची घडण या आवरणावर अवलंबून असते. हालत्या पृष्ठभागावर येऊन बसायचं तर पकड पक्की हवी. आवरणाच्या पेशींवर अल्फा-४ इंटेग्रिन असतं, स्नायूवर त्याचा जोडीदार व्हीकॅम-१. १९९५ साली वेगवेगळ्या गटांनी दोन्हींपैकी एकेक काढून पाहिलं. दोन्ही वेळा निकाल सारखाच: आवरण टिकलं नाही. कोणत्याही दोन रेणूंची जोडी असल्याचा इतका सरळ पुरावा जीवशास्त्रात फार वेळा मिळत नाही.

स्नायुपेशींच्या टोकांना कॅडहेरिनच्या सांध्यांबरोबर डेस्मोसोम नावाचे आणखी एक प्रकारचे सांधे असतात. त्यातलं प्लाकोग्लोबिन हे प्रथिन काढलेल्या उंदरांच्या भ्रूणांत हृदयाची भिंत फाटली, असं १९९६ साली दिसलं. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर निकोस प्रोटोनोटारिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली काही कुटुंबांचं वर्णन केलं होतं: जन्मापासून लोकरीसारखे केस, तळहात-तळपायांची जाड झालेली कातडी आणि तरुणपणी हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यूचा धोका. २००० साली या आजाराचं मूळ प्लाकोग्लोबिनमध्येच निघालं. त्वचा आणि हृदय या दोघांनाही सतत ओढ सोसावी लागते आणि दोघांचे सांधे एकाच प्रथिनावर उभे आहेत. केस आणि तळवे पाहून हृदयाचा आजार ओळखता येतो, ही गोष्ट प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाला आणि बालरोगतज्ज्ञाला ठाऊक असायला हवी. वेळेत ओळखलं तर अशा मुलाला अतिश्रमाच्या खेळांपासून दूर ठेवता येतं, उपचार सुरू करता येतात.

पकड जास्त झाली तरी हृदय बिघडतं का? एकविसावं गुणसूत्र तीनदा आलेल्या, म्हणजे डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी चाळीस ते पन्नास टक्क्यांना हृदयदोष असतो. त्यातला ठळक दोष नेमका त्या उशीसारख्या उंचवट्यांच्या जागी: मधला पडदा आणि झडपा नीट जुळत नाहीत. अशा व्यक्तींच्या पेशी जास्त चिकट असाव्यात आणि त्यातून हा दोष यावा, अशी कल्पना १९८५ साली मांडली गेली. पुढे एकविसाव्या गुणसूत्रावर डीएसकॅम हे चिकटण्याचं जनुक आणि कोलॅजन-६ची जनुकं सापडली. २०११ साली फळमाशी आणि उंदरात डीएसकॅम आणि कोलॅजन-६चा एक भाग अशी दोन्ही जनुकं एकदम जास्त प्रमाणात चालवल्यावर हृदयदोष दिसले. सगळं कोडं यातून सुटलं, असं कोणी म्हणणार नाही. पण बिघाड फक्त सैल पकडीचा नसतो, हे त्यातून पुढे येतं.

दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळं हृदयाच्या रचनेतला दोष घेऊन येतात. त्यांतल्या बहुतेकांचं कारण एका जनुकावर बोट ठेवून सांगता येत नाही. ज्यांच्या घरात असं बाळ आहे त्यांनी हे पुस्तक वाचलं, तर त्यांना उपचार सापडणार नाहीत. पण गरोदरपणात आईने काहीतरी चुकीचं खाल्लं किंवा केलं म्हणून असं झालं, ही आपल्या समाजात सर्रास केली जाणारी आरोपाची भाषा किती पोकळ आहे, हे पानापानांवर कळेल. इतक्या वेळा धरणं आणि सोडणं इतक्या कमी दिवसांत नेमकं व्हायला लागतं, की एखादं चुकणं हा कोणाचा गुन्हा असू शकत नाही.

वाचकाला एक सुचवतो. पहिली तीन प्रकरणं सावकाश वाचावीत. रेणूंची नावं सुरुवातीला जड जातील, पण तीच पुढे पुन्हा पुन्हा भेटतात. डॉक्टरांनी झडपांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. विद्यार्थ्यांनी शेवटचं प्रकरण चुकवू नये. त्यात जन्मानंतरचा भाग आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या निलयाच्या स्नायुपेशींचे सांधे पेशीच्या सगळ्या अंगाला विखुरलेले असतात. ते टोकांशी गोळा व्हायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे मूल शाळेत जाऊ लागतं तरी हृदयाची जुळणी चालूच असते. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून घडवलेल्या हृदयपेशींचे सांधेही असेच विखुरलेले राहतात. २०१४ साली सिएटलच्या गटाने अशा मानवी पेशी हृदयविकार घडवून आणलेल्या माकडांच्या हृदयात सोडल्या. त्या जगल्या, आजूबाजूच्या स्नायूशी जुळल्या आणि त्याच्या लयीत आकुंचनही पावू लागल्या. पण माकडांच्या हृदयाची लय मध्येच बिघडू लागली. नव्या पेशींना जुन्या स्नायूशी योग्य टोकाने, योग्य वेळी कसं जुळवायचं, हा प्रश्न आज जगातल्या अनेक प्रयोगशाळांसमोर आहे. या पुस्तकाच्या वाचकांपैकी कोणीतरी त्यावर काम करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.